जुनी काडतुसं जमवायची असतील तर पुंगळीचं बूड वाचायला शिका

तुम्ही विचारलंय की आजोबांच्या ट्रंकेत सहा जुनी काडतुसं निघाली, दोन गोळीसकट आणि चार रिकामी, तर पुण्यात राहून अशा काडतुसांचा संग्रह करता येईल का. येईल, पण रिकाम्या पुंगळ्यांचा, म्हणजे काडतुसाच्या नुसत्या पितळी नळ्यांचा.

आधी गोळीसकट असलेल्या त्या दोन काडतुसांचं बघा. परवान्याशिवाय जिवंत काडतूस जवळ बाळगणं शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे गुन्हा आहे, मग ते कितीही जुनं असो. कलम ४५ मध्ये पुरातन, निकामी शस्त्रांना सूट आहे. जिवंत काडतुसांना ती लागू होत नाही. टोपीवर, म्हणजे बुडाच्या मधोमध असलेल्या, दारू पेटवणाऱ्या छोट्या वाटीवर, ठोका दिसला तरी निर्धास्त राहू नका. ठोका आहे आणि गोळीही जागेवर आहे, म्हणजे बार फुसका गेलाय. आतली दारू तशीच आहे. पक्कड लावून गोळी उपटणं तर मुळीच नको. जुन्या पॉइंट ३०३ मध्ये, म्हणजे इंग्रजी लष्करी रायफलीच्या काडतुसात, बहुधा कॉर्डाइट नावाची दारू असते आणि त्यात नायट्रोग्लिसरीन हे स्फोटक असतं. स्वतः घेऊन जाऊ नका. जवळच्या पोलीस ठाण्याला फोन करून ती जमा करा आणि पोच घ्या. आजोबांचा परवाना सापडला तर तोही दाखवा.

आता रिकाम्या चार. दुसऱ्या भागांसोबत वापरण्याचा हेतू नसेल तर दारूगोळ्याचे किरकोळ सुटे भाग ठेवायला त्याच कलमात मोकळीक आहे. म्हणूनच माझा आग्रह असतो की पुंगळ्यांशेजारी सुट्या गोळ्या, टोप्या, दारू काहीही ठेवू नये. विमानप्रवासाच्या बॅगेत तर एकही पुंगळी राहू देऊ नका.

खरी मजा बुडाशी आहे. पुंगळी उलटी धरा, बॅटरीचा उजेड तिरपा पाडा आणि भिंगातून बघा. कडेने अक्षरं ठोकलेली दिसतील. के आणि एफ असतील तर ती आपल्या खडकीची! दारूगोळा कारखाना इथे १८६९ पासून आहे आणि इंग्रज खडकीला किर्की म्हणत, म्हणून के. सोबत ४३ असेल तर साल १९४३, दुसरं महायुद्ध ऐन भरात असतानाचं. रोमन सात म्हणजे मार्क सात, पॉइंट ३०३ ची सातवी आवृत्ती, १९१० साली आलेली टोकदार गोळी. बोटाच्या पेराएवढ्या चकतीवर कारखाना, साल आणि गोळीची जात एवढं सगळं मावतं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. ओएफव्ही दिसलं तर ती भुसावळजवळच्या वरणगावच्या आयुध कारखान्याची.

मग तोंडातून आत उजेड टाका. तळाशी दोन बारीक भोकं दिसली तर बर्डन पद्धतीची टोपी, मधोमध एकच असेल तर बॉक्सर. गंमत म्हणजे या टोप्या ज्यांच्या नावाने ओळखल्या जातात त्यांपैकी बर्डन अमेरिकन आणि बॉक्सर इंग्रज, पण लष्करी पॉइंट ३०३ मध्ये बहुतेक वेळा बर्डनच सापडते, आणि अमेरिकेत चलती बॉक्सरची. बुडाला बाहेर आलेली कड आहे की खाच, तेही पाहा. पॉइंट ३०३ ला कड असते. नंतर आपल्या सैन्यात आलेल्या ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसाला खाच.

ब्रासो लावून चकाचक करायचा मोह मात्र आवरा. पितळेवर चढलेला तपकिरी रंग हेच तिचं वय, आणि घासून घासून अक्षरं पुसट झाली की संग्राहकाच्या लेखी तिची किंमत गेली. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसा आणि हात साबणाने धुवा. हिरवट बुरशीसारखा थर असेल तर ती पुंगळी वेगळी ठेवा. प्रत्येक पुंगळी कुठून, कोणाकडून आली हे वहीत लिहा. उद्या कोणी विचारलं तर ती वहीच कामी येते.

संग्रह वाढवताना जिवंत काडतूस कोणी फुकट दिलं तरी घेऊ नका. सुरुवातीला फक्त खडकीचीच सालं लावत जा, पुणेकराला याहून चांगला विषय नाही. त्या चार पुंगळ्यांच्या बुडांचे स्पष्ट फोटो इथे टाका, वाचून सांगतो.