चर्चच्या सेवेत नव्याने येताय? आधी एकच काम धरा

पहिल्याच रविवारी चार याद्यांत नाव घालू नका. उपासनेआधी खुर्च्या मांडणं किंवा गीतपुस्तकं वाटणं, यातलं एक धरा आणि तीन महिने चुकवू नका. मी दाराशी उभा असायचो. एक आजी माझा हात धरूनच पायरी चढायच्या, आधी काठी माझ्याकडे देऊन. मंडळी मला खरी कळली ती तिथेच.

तारखा मात्र आत्ताच वहीत लिहा. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबरच्या दरम्यान येतो, म्हणून नाताळच्या गाण्यांचा सराव त्याआधीच सुरू होतो. ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिलमध्ये कधीही येतो. त्याआधीच्या आठवड्यात फार धावपळ असते, सुट्टी आधीच मागून ठेवा. आणि मुलांच्या वर्गात कधीही एकट्याने थांबू नका, सोबत दुसरं मोठं माणूस हवंच.