वाचकांचे प्रश्न : कोल्ड ब्रू करावी की गरम कॉफीच थंड करावी?

प्रश्न : आमच्याकडे सकाळी फिल्टरची कॉफी होते. उन्हाळ्यात उरलेली कॉफी फ्रिजमध्ये ठेवून दुपारी घेतली, तर ती आंबट आणि उग्र लागते. मुलीने कोल्ड ब्रू, म्हणजे पूड गार पाण्यात रात्रभर भिजवून काढलेली कॉफी, करून पाहायला सुचवले आहे. तिच्या मते त्यात आम्ल आणि कॅफीन दोन्ही कमी असल्याने यजमानांना आम्लपित्ताचा त्रास असला तरी चालेल. हे खरे आहे का? ती घरी कशी करावी?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : मुलीची सूचना चांगली आहे, तिने दिलेली कारणे मात्र तपासून घ्यायला हवीत.

साधारण 90 ते 96 अंश सेल्सिअसचे पाणी काही मिनिटांतच पुडीतला सुगंध, आम्ले आणि कडवटपणा एकदम ओढून घेते. गरम कॉफीचा जो घमघमाट घरभर पसरतो, तो कपातून निघून चाललेला सुगंधच असतो. कॉफी तशीच राहिली की तिच्यातले काही घटक पाण्याशी संयोग पावून विघटित होतात आणि आम्लता वाढते. सुगंध गेलेला आणि आंबटपणा वाढलेला, अशी कॉफी मग फ्रिजमध्ये जाते; तिथे ती फक्त गार होते. कोल्ड ब्रूमध्ये उष्णतेचे काम वेळ करते. बारा ते अठरा तासांत गार पाणी पुडीतून बराचसा अर्क काढते, पण काही आम्ले आणि कडू घटक त्यात कमीच उतरतात. म्हणून तिची चव मऊ आणि किंचित गोडसर लागते. सुगंधाच्या बाबतीत मात्र ताज्या गरम कॉफीची सर तिला येत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

आता आम्लपित्ताविषयी. अमेरिकेतील थॉमस जेफरसन विद्यापीठाच्या निनी राव आणि मेगन फुलर यांनी 2018 मध्ये दोन्ही पद्धतींची तुलना प्रसिद्ध केली. दोन्ही कॉफींचा सामू, म्हणजे आम्लाची तीव्रता दाखवणारा पीएच, जवळजवळ सारखाच, 4.85 ते 5.13 या दरम्यान आढळला. एकूण आम्लांचे प्रमाण मात्र गरम कॉफीत अधिक होते. जिभेला जाणवणारा फरक खरा आहे, पण तेवढ्यावरून कोल्ड ब्रूला पित्तावरचे पथ्य ठरवता येणार नाही, कारण पित्त वाढवण्यात कॅफीनचाही वाटा असू शकतो. यजमानांनी आधी डॉक्टरांना विचारावे, आणि त्यांची हरकत नसेल तर जेवणानंतर थोडी, पातळ करून घेऊन पाहावी.

कॅफीन कमी असते, हा समज तर मला काळजीचा वाटतो. कॅफीन गार पाण्यातही विरघळते. त्याला केवळ वेळ लागतो, आणि इथे तर रात्रभराचा वेळ असतो. कॉफीच्या अरेबिका आणि रोबस्टा या दोन मुख्य जाती. 100 ग्रॅम अरेबिका पुडीत साधारण एक ग्रॅमच्या वर कॅफीन असते, रोबस्टात त्याच्या जवळजवळ दुप्पट. एवढ्या पुडीचा 600 मिलिलिटर अर्क निघाला, तर अरेबिकाच्या 100 मिलिलिटर अर्कात अंदाजे सव्वाशे ते दीडशे मिलिग्रॅम कॅफीन येईल. निरोगी प्रौढाने दिवसभरात 400 मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये असे सांगितले जाते. मऊ लागते म्हणून हा अर्क पेला भरून तसाच प्यायला, तर दिवसाचा बराचसा वाटा एकाच वेळी पोटात जातो.

करण्याची रीत सोपी आहे. पूड लापशीच्या रव्याइतकी जाड दळून आणावी. फिल्टरसाठी मिळणारी बारीक पूड गाळताना फडके तुंबवते आणि चवीला तुरट होते. काचेच्या स्वच्छ बरणीत 100 ग्रॅम पूड आणि 800 मिलिलिटर पाणी घालून सगळी पूड भिजेपर्यंत ढवळावे आणि झाकण लावावे. पाण्याकडे विशेष लक्ष द्यावे. गरम कॉफीत पाणी उकळल्यामुळे आपोआप निर्धोक होते, इथे ते उकळतच नाही. म्हणून नर्मदेचे असो वा बोरिंगचे, उकळून गार केलेले किंवा चांगले गाळलेले पाणीच वापरावे. बोरिंगच्या जड पाण्याने चवही बोथट होते.

बरणी ओट्यावर न ठेवता फ्रिजमध्येच ठेवावी. इंदूरला मे महिन्यात पारा 40 अंशांच्या आसपास असतो, रात्रीही स्वयंपाकघर तापलेलेच असते, आणि कोल्ड ब्रू जंतूंना रोखण्याइतकी आम्ल नसते. सकाळी मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळावी आणि चोथा पिळू नये, कारण पिळल्याने गाळ व कडवटपणा दोन्ही खाली येतात. चोथा दुप्पट वजनाचे पाणी धरून ठेवतो, त्यामुळे हाती 600 मिलिलिटरच येतात. त्यात तितकेच पाणी किंवा दूध घालून प्यावे. निव्वळ अर्क फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो; दूध घातलेली कॉफी त्याच दिवशी संपवावी.

दुपारी अचानक पाहुणे आले, तर मात्र गरम पद्धतच बरी. कागदी गाळणीत 30 ग्रॅम मध्यम दळलेली पूड घेऊन तिच्यावर 300 मिलिलिटर गरम पाणी हळूहळू ओतावे आणि उतरणारी कॉफी थेट 200 ग्रॅम बर्फावर पडू द्यावी. ती तत्क्षणी गार होते, त्यामुळे सुगंधही बराच टिकतो. माझी स्वतःची आवड विचाराल, तर दुधाशिवाय घ्यायची असेल तेव्हा मी हीच करीन.

प्रश्न : चिकोरी मिसळलेल्या पुडीची किंवा इन्स्टंट कॉफीची कोल्ड ब्रू होते का?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : चिकोरीच्या पुडीची होते, पण चिकोरी गार पाण्यातही चटकन उतरत असल्याने रंग गडद येतो आणि कॉफीची चव मागे पडते. चिकोरीत कॅफीन नसते, म्हणून रंगावरून तरतरीचा अंदाज बांधू नये. आपल्याकडच्या नियमांनुसार अशा मिश्रणात कॉफी निम्म्याहून अधिक असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापलेले असते. ते वाचून चिकोरी वीस टक्क्यांपर्यंत असलेली पूड निवडावी. इन्स्टंट कॉफी मात्र आधीच काढलेला आणि वाळवलेला अर्क असते. ती रात्रभर भिजवून अधिक काही मिळत नाही, गार पाण्यात ढवळली की पुरे.