खिशात पैसे नसताना शैलीदार मार्शल आर्ट शॉर्ट फिल्म कशी करावी? आम्ही धुळ्याचे चौघं मित्र, कराटे एकालाच येतं, पण फाइट नेहमीपेक्षा वेगळ्या हव्यात.

एकालाच कराटे येतं ही अडचण नाहीच. चौघांना येत असतं तर मला जास्त काळजी वाटली असती, कारण मग फिल्म कमी आणि बेल्टची परीक्षा जास्त झाली असती. ज्याला येतं त्याला मार खाणारा करा. फटका 'बसल्यावर' मान वेळेत फिरवणं, तोल जाणं, नीट पडणं, हे खरं कसबाचं काम. हात उगारायला कुणालाही जमतं.

वेगळी फाइट हवी तर स्टेप शोधत बसू नका, अडचण शोधा. लढणाऱ्याला काय करता येणार नाही, ते आधी ठरवा. आपल्या खानदेशात अशा अडचणी फुकट मिळतात. रावेर-यावलकडची केळीची बाग घ्या. झाडाझाडांत जेमतेम ५-६ फूट अंतर, वर पानांचं छप्पर. तिथे लांब काठी फिरवताच येत नाही. मग काठीवाला ती आखूड धरतो, नुसती खुपसतो, आणि रिकाम्या हाताचा माणूस एकदम वरचढ होतो. निम्मी फाइट बागेनेच बसवून दिली!

किंग हू या दिग्दर्शकाच्या 'अ टच ऑफ झेन' या चित्रपटातली बांबूच्या बनातली लढाई बघा. त्या चित्रपटाला १९७५ साली कान महोत्सवात तांत्रिक कामगिरीचं पारितोषिक मिळालं होतं. उड्यांसाठी तो ट्रॅम्पोलिन वापरायचा, ती फ्रेमबाहेर ठेवायचा आणि उडीचे बारीक तुकडे करून जोडायचा. तुम्हालाही तेच करता येईल: पाय जमीन सोडताना एक शॉट, हवेतलं अंग दुसरा, टेकताना तिसरा. मधली उडी प्रेक्षक स्वतःच मारतो.

बाग मागताना घड कापून झालेली मागा, मालक सहज हो म्हणेल. पाणीदार खोड धारदार कोयत्याच्या घावात सपकन कापलं जातं, पाणी उडतं, कॅमेऱ्यात फार सुंदर दिसतं. मात्र खरा कोयता वापराल त्या शॉटमध्ये आसपास दुसरा माणूस नको. आणि केळीचा चीक कपड्यावर पडला की डाग जात नाही. म्हणून कपडे जुने घ्या आणि शॉट शक्यतो क्रमानेच घ्या, नाहीतर डाग आधी आणि मारामारी नंतर असं होईल.

दुसरी कल्पना माझी आवडती, वापरायची तर खुशाल वापरा. आजी खापरावर मांडे करतेय. पुरण भरलेला मांडा दोन्ही हातांवर खेळवत मोठा होतोय, आणि तेवढ्यात गुंड दारात. आजीचे दोन्ही हात अडकलेले. तिने कोपर, खांदा, पाय यांनीच लढायचं, मांडा फाटता कामा नये. ती दर वेळी वार चुकवते तेव्हा मांडा या हातावरून त्या हातावर जातो आणि आणखी पसरतो. शेवटचा गुंड कोलमडतो त्याच क्षणी मांडा खापरावर. बघणाऱ्याची नजर एकाच गोष्टीवर खिळून राहते, त्यामुळे फाइट साधी असली तरी चालते. शूटला खापर थंड ठेवा आणि हालचालीच्या शॉटमध्ये मांड्याऐवजी पातळ पांढरं कापड घ्या.

आता कॅमेरा. मूठ चेहऱ्यापासून वीतभर लांबून जाऊ द्या आणि कॅमेरा मारणाऱ्याच्या किंवा मार खाणाऱ्याच्या पाठीमागे ठेवा, म्हणजे मधलं अंतर दिसत नाही. बाजूने घेतलंत की पितळ उघडं पडतं. मोबाइल असेल तर मागे सरकून २ एक्स लेन्स वापरा, माणसं आणखी जवळ वाटतात. शटर स्पीड १/१०० सेकंद ठेवा: हालचाल धारदार येते आणि आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ट्यूबलाइट लुकलुकत नाही. हाँगकाँगवाले सेकंदाला २२ फ्रेमवर शूट करून २४ वर चालवत. तुम्ही एडिटमध्ये वेग ८-१० टक्के वाढवा, त्यापुढे गेलात की विनोदी दिसतं. फटका दोन अँगलनी दाखवताना दुसऱ्या शॉटमध्ये आधीच्या दोन-तीन फ्रेम पुन्हा येऊ द्या, घाव जड वाटतो. स्लो मोशन? एकदाच. दर फटक्याला स्लो मोशन लावणाऱ्यांचं मला काही कळत नाही.

शैली येते ती थांबण्यातून. डफाच्या ठेक्यावर सराव करा: तीन-चार वार, मग दोघेही एक मात्रा गोठलेले, मग पुन्हा. आवाज नंतर घरी भरा. ओला टॉवेल गादीवर आपटला की ठोसा, कपाशीच्या वाळक्या काड्या मोडल्या की हाड.

नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालतात त्या मैदानावर, फाइट करायचा मोह होईल, लालभडक फ्रेम मिळते. लांबून चालतानाचे शॉट घ्या, लोळू नका. मिरचीची खाट उठली की सगळं युनिट खोकत बसतं. आणि मे महिन्यात शूट कुठेही असो, उन्हामुळे सकाळी दहाच्या आत पॅकअपच करा.

बाकी शॉटसाठी कोयते-तलवारी प्लायवूडच्या कापा, कडा घासा, चंदेरी रंग द्या. गावात शूट असेल तर पोलीस पाटलांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा. हल्ली पोरांच्या हातात कोयता दिसला की प्लायवूडचा आहे का, हे कुणी विचारत नाही, आधी फोन लावतात.