व्ही नंबरच्या रिव्हॉल्व्हरवरचे शिक्के कसे वाचावेत

प्रश्न असा आहे: नंबर व्हीने सुरू होतो, नळी पाच इंची, सिलिंडरवरच्या पट्टीवर 'यूएस प्रॉपर्टी जीएचडी', आणि नळीवर मात्र ब्रिटिश शिक्के. हे सगळं एकाच शस्त्रावर कसं? आणि पॉलिश करू का?

पॉलिश अजिबात करू नका. ती मंद राखाडी छटा युद्धकाळातली मूळ आहे. बफ लावलात तर शिक्क्यांच्या कडा बोथट होतील आणि वाचण्यासारखं काही उरणार नाही. तेलाचं फडकं पुरे.

शस्त्र स्मिथ अँड वेसनचं व्हिक्टरी मॉडेल आहे. नंबरापुढचा व्ही 1942 पासूनचा. 1941 च्या लेंड-लीज कायद्याखाली अमेरिकेनं ब्रिटनला शस्त्रं दिली, पण मालकी आपली ठेवली, म्हणून 'यूएस प्रॉपर्टी'. जीएचडी ही लष्करी तपासणी अधिकारी गाय ड्रूरी यांची आद्याक्षरं. अमेरिकी नौदलाकडच्या प्रतींची नळी बहुधा चार इंची आणि काडतूस .38 स्पेशल, ब्रिटनला गेलेल्या पाच इंचीचं .38/200.

मुकुटाखाली बीएनपी असेल तर तो लष्कराचा शिक्का नव्हे. सैन्यातून निघालेलं शस्त्र नागरी बाजारात विकण्याआधी बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसनं (शस्त्रांची मजबुती तपासणारी संस्था) तपासल्याची ती खूण. टोकाला टोक लावलेले दोन बाण दिसले, तर सरकारी मालकी संपली असं समजा. म्हणजे शिक्के काळाच्या क्रमानं लावून पाहायचे: कारखाना, तपासणी, सेवा, विक्री. क्रम जुळत नसेल तर शंका घ्या. नंबर मुठीच्या बुडाशी, नळीखाली आणि सिलिंडरच्या मागच्या तोंडावर तोच आहे का, तेही बघा. संग्राहकाच्या दृष्टीनं माझ्या मते हे जुळणं चकचकीतपणाहून कितीतरी मोलाचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. विक्रीनंतर अशा पुष्कळ रिव्हॉल्व्हरांचे चेंबर (सिलिंडरमधली काडतूस बसण्याची भोकं) जास्त लांब असलेल्या .38 स्पेशलसाठी आतून लांब कोरले गेले. मूळ चेंबर त्या काडतुसाहून रुंद असल्यानं पुंगळी (काडतुसाचं धातूचं कवच) फुगते, कधी चिरते. बीएनपीजवळ .767 (पुंगळीची लांबी, इंचांत) कोरलेलं असेल तर तपासणीच्या वेळी चेंबर मूळ .38/200 चं होतं. पण कोरणी त्यानंतरही झालेली असू शकते. सिलिंडर रिकामं असल्याची खात्री करून .38 स्पेशलची रिकामी पुंगळी आत सोडा. ती पूर्ण आत बसली, तर चेंबर जाणकार बंदूक-कारागिराकडून मोजून घेतल्याशिवाय त्यातून एकही गोळी झाडू नका.