रेखाटन, एन्ग्रेव्हिंग, तैलरंग, जलरंग: गोव्यात राहून चारही करावीत की एकच धरावं?

तुम्ही लिहिलंय की चारही माध्यमांत काम करता आणि गॅलरीवाले म्हणतात, 'तुमची ओळख बनत नाहीये, एक काय ते धरा.' मी पणजीत राहतो आणि हीच चार माध्यमं करतो, म्हणून लिहितोय.

गॅलरीवाल्याचं मनावर घेऊ नका. त्याला भाव ठरवायचा असतो, त्यामुळे एकाच जातीचा माल त्याला सोयीचा पडतो. आपल्याच माणसांकडे बघा ना. मडगावचे लक्ष्मण पै पॅरिसला जाऊन फ्रेस्को (ओल्या गिलाव्यावरचं चित्रण) आणि एचिंग (आम्लाने पत्रा कोरून छाप काढणं) शिकले, पुढे गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, आणि रंगवत तर आयुष्यभर राहिले. साळगावचे चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा तैलरंगात जितके ओळखू येतात तितकेच शाईच्या रेखाटनात. मासिकांच्या छापील पानांवर रसायनं लावूनही त्यांनी चित्रं केली, आणि रेघ तिथंही त्यांचीच. ओळख माध्यमात असती तर हे जमलं नसतं.

मात्र एकच चित्र चारही माध्यमांत फिरवत बसू नका, त्यात काही राम नाही. एन्ग्रेव्हिंग म्हणजे पत्रा कोरून त्याचे कागदावर छाप काढणं; त्यात तांब्याच्या पत्र्यावर ब्युरिन, म्हणजे कोरायचं टोकदार हत्यार, ढकलावं लागतं. वळण घ्यायचं तर हातापेक्षा पत्राच फिरवायचा, चामड्याच्या उशीवर. दाब कमीजास्त होतो तशी रेघ बारीक सुरू होते, मधे फुगते, पुन्हा निमुळती होते. पेनाने तशी नक्कल काढता येईल, पण तो ताण येत नाही. माडाच्या झावळ्या, होडीचे दोर यांना ही रेघ शोभते. मांडवीवरचं सकाळचं धुकं मात्र पत्र्यावर आणायला जाऊ नका, ते जलरंगाचं काम. आपल्या जुन्या देवळांतलं कावी काम जवळून बघा: चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर, आणि तो खरवडून काढलेली पांढरी नक्षी. ब्युरिन धरणाऱ्याला ते बघून बरंच काही कळतं.

आता खरा मुद्दा, हवा. इथं माध्यम निम्मं पावसाळाच ठरवतो. जुलैत जलरंगाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, वाळतच नाही. ओल्यावर ओलं छान पसरतं, पण कोरड्या ब्रशचं काम विसरा. त्याहून वाईट म्हणजे कागदाच्या सायझिंगला, म्हणजे रंग लगेच शोषला जाऊ नये म्हणून दिलेल्या लेपाला, बुरशी लागते. कागद दिसायला स्वच्छ असतो, वॉश फिरवला की रंग ठिकठिकाणी शोषला जाऊन गडद ठिपके उठतात. असा कागद रेखाटनाला ठेवा, जलरंगाला नको. तैलरंग हवेतल्या ऑक्सिजनने वाळतो, पाणी उडून नव्हे, तरी दमट दिवसांत तोही रेंगाळतो आणि कॅनव्हासची पाठ काळवंडते.

म्हणून मी पावसाळ्यात पत्रे कोरतो. छापायचा कागद तसाही भिजवून, टीपकागदांत दाबून मगच प्रेसखाली घालायचा असतो, तेव्हा ओलीचं भय नाही. फक्त काम थांबवताना पत्र्याला व्हॅसलिनचा पातळ हात द्या, नाहीतर तांबं डागाळतं. पाऊस सरला की बाहेर बसून जलरंग, आणि हवा कोरडी असेपर्यंत मोठे कॅनव्हास. रेखाटन बारा महिने, त्याला मोसम नाही.

पर्वरीच्या झेवियर सेंटर या इतिहास संशोधन संस्थेत चित्रकार आंजेलो द फोन्सेकांच्या चित्रांचा संग्रह आहे, तोही बघून या. त्यांची साडीतली मारिया, येशूची आई, सगळ्यांना आठवते. तुम्ही जरा वॉशचे थर बघा.

राहता राहिले गॅलरीवाले. एका प्रदर्शनात एकच माध्यम लावा, फार तर त्यामागची रेखाटनं सोबत ठेवा. छाप असतील तर पेन्सिलीने आवृत्ती क्रमांक घाला, ३/१५ असा, म्हणजे पंधरांतला तिसरा, आणि ठरलेल्या आकड्यापलीकडे एकही छाप काढू नका. बाकीची तीन माध्यमं घरी चालू आहेत हे त्यांना सांगायची काय गरज?