मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या भिंती एमआरआयमध्ये अधिक स्पष्ट कशा दिसतील?

नेहमीच्या एमआर अँजिओग्राफीत धमनीची भिंत का दिसत नाही, आणि रिझोल्यूशन वाढवले तर ती दिसू लागेल का, असे तुम्ही विचारले आहे. एमआरआयचे सिक्वेन्स, म्हणजे चित्र घेताना द्यायच्या रेडिओ लहरींचा आणि चुंबकीय बदलांचा ठरलेला क्रम, बसवणे हे माझे रोजचे काम आहे, आणि अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की नुसत्या रिझोल्यूशनच्या मागे लागून फारसे काही हाती लागत नाही. भिंतीच्या आतले रक्त आणि बाहेरचे मेंदूजल, म्हणजे सीएसएफ, ही दोन्ही चित्रात किती काळी करता येतात यावर खरी मदार असते.

अँजिओग्राफीत उजळ दिसते ते वाहते रक्त, त्यामुळे आपल्याला कळतो तो फक्त पोकळीचा आकार. मेदाचा थर साचत असताना धमनी बाहेरच्या अंगाने फुगत गेली, तर पोकळी बराच काळ मोकळी राहते आणि आजार भिंतीत असूनही अँजिओग्राफी निर्दोष दिसते. भिंतीचे चित्र वेगळे घ्यावे लागते ते यासाठी.

आता रिझोल्यूशनचा हिशेब पाहू. मेंदूच्या मधल्या मुख्य धमनीचा व्यास साधारण ३ मिलिमीटर असतो आणि तिची निरोगी भिंत अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असते. उलट ३ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचे एकक) यंत्रावर आपण सहसा ०.५ मिलिमीटर बाजूचा व्हॉक्सेल, म्हणजे चित्राचा सर्वांत लहान घन ठोकळा, घेतो, म्हणजे भिंत एका व्हॉक्सेलमध्येच मावते आणि प्रत्यक्षाहून जाड भासते. ही बाजू निम्मी केली, तर व्हॉक्सेलचे आकारमान, आणि त्याबरोबर सिग्नलही, एक अष्टमांश होतो. तो केवळ वेळ देऊन भरून काढायचा, तर स्कॅन ६४ पट लांबवावा लागेल, कारण गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल वेळेच्या वर्गमुळाइतकाच वाढतो. ०.५ वरून ०.४ वर यायचे म्हटले तरी वेळ जवळपास चौपट होतो. सात-आठ मिनिटे निश्चल पडून राहणे हेच अनेक रुग्णांना जड जाते, आणि एकदा गिळताना डोके किंचित हलले, तरी कागदावरचे रिझोल्यूशन कागदावरच राहते. म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंना नीट उशा लावणे आणि कॉम्प्रेस्ड सेन्सिंगसारख्या, म्हणजे कमी मोजमापांतून गणिताने पूर्ण चित्र उभे करणाऱ्या, पद्धतीने वेळ कमी करणे यांना मी मोठ्या मॅट्रिक्सपेक्षा, म्हणजे चित्रातले ठिपके वाढवण्यापेक्षा, जास्त महत्त्व देतो.

रक्त काळे करण्यासाठी आज त्रिमितीय टर्बो स्पिन एको सिक्वेन्स वापरतात, ज्यात एकामागून एक अनेक प्रतिध्वनी-सिग्नल (एको) गोळा होतात आणि फ्लिप अँगल, म्हणजे प्रत्येक रेडिओ पल्स चुंबकन किती अंशांनी वळवते तो कोन, बदलत जातो; या लांबलचक एको ट्रेनमध्ये, म्हणजे एकोंच्या मालिकेत, वाहत्या रक्ताचा सिग्नल आपोआप विस्कटतो. सीएसएफ मात्र सावकाश हलते, त्यामुळे ते करडे राहते आणि भिंतीची बाहेरची कड त्यात विरघळून जाते. यावर दोन उपाय चांगले लागू पडतात. एक म्हणजे एको ट्रेनच्या शेवटी उरलेले चुंबकन (ज्यातून सिग्नल मिळतो ते) उलट दिशेला ढकलणारी पल्स, जिच्यामुळे टी१ कॉन्ट्रास्टही सुधारतो; टी१ म्हणजे चुंबकन पूर्ववत होण्याचा काळ, आणि तो जितका कमी तितके चित्रात उजळ. दुसरा डान्टे, म्हणजे ग्रेडियंट (जागेनुसार बदलणारे चुंबकीय क्षेत्र) चालू ठेवून दिलेल्या छोट्या छोट्या पल्सची मालिका. तिच्यात स्थिर ऊतींचा सिग्नल बराचसा टिकतो आणि हलणाऱ्या द्रवाचा नाहीसा होतो. डान्टेमुळे भिंतीचाही थोडा सिग्नल जातो, पण कड स्पष्ट होते, आणि हा सौदा मला नेहमीच फायद्याचा वाटला आहे.

सर्वांत मोठा धोका संथ प्रवाहाचा आहे. एका रुग्णाला गॅडोलिनियम, म्हणजे शिरेतून द्यायचे चित्र उजळवणारे द्रव्य, दिल्यानंतर वळणदार धमनीत आतल्या बाजूने उजळ चंद्रकोर दिसली, आणि ती भिंतीची सूज आहे असे आम्ही जवळपास ठरवले होते. डान्टे लावून तोच भाग पुन्हा घेतला तेव्हा चंद्रकोर गेली, कारण ते वळणावर रेंगाळलेले रक्त होते. गॅडोलिनियममुळे रक्ताचा टी१ कमी होतो, म्हणून रेंगाळलेले रक्त अधिकच उजळते. एका बाजूची उजळी मेदथराकडे आणि सभोवार सारखी उजळी धमनीदाहाकडे, म्हणजे धमनीच्या भिंतीच्या दाहाकडे, बोट दाखवते हे खरे, परंतु गॅडोलिनियमच्या आधीचे आणि नंतरचे चित्र अगदी त्याच मापांनी घेऊन शेजारी ठेवल्याशिवाय, आणि रक्त खरोखर काळे झाले आहे याची खात्री केल्याशिवाय, असे निदान करू नये.

७ टेस्लावर सिग्नल वाढतो, पण रेडिओ लहरी डोक्यात समान पसरत नाहीत आणि कवटीच्या तळाशी चित्र फिके पडते, त्यामुळे सुरुवात ३ टेस्लावरच करा. पहिल्या स्कॅनमध्ये मेंदूच्या खोडासमोरच्या बॅसिलर धमनीचा आडवा छेद उघडून पाहा: तिच्याभोवती सीएसएफ भरपूर असते, त्यामुळे तिथे बाहेरची कड सबंध वर्तुळभर दिसत नसेल, तर व्हॉक्सेलला हात न लावता आधी सीएसएफचा सिग्नल दाबण्याचेच काम हाती घ्या.