‘आत्मवंचना’ की ‘आत्मप्रतारणा’? आणि मग रेलिंग डॉक्टरचं खोटं?

प्रश्न असा आहे: नॉर्वेजियन नाटककार इब्सेनच्या ‘द वाइल्ड डक’ (१८८४) या नाटकावर लिहिताना ‘एकदाल कुटुंब आत्मवंचनेत जगत असते’ हे वाक्य बरोबर की तिथे ‘आत्मप्रतारणा’ हवं? शिवाय, नाटकात डॉक्टर रेलिंग जो ‘लिव्ह्सलॉय्न’ हा नॉर्वेजियन शब्द वापरतो, त्याला मराठीत काय म्हणावं?

पहिला भाग लवकर उरकतो. संस्कृतातल्या ‘वञ्च्’ म्हणजे फसवणे या धातूपासून ‘वंचना’ आली आणि ‘वंचित’ही. वंचित म्हणजे मुळात ‘फसवला गेलेला’. आज आपण तो ‘ज्याला मिळालं नाही असा’ या अर्थाने वापरतो. ‘प्रतारणा’ही फसवणूकच, पण मराठीत ती कुणाशी तरी होते: तत्त्वांशी, नवऱ्याशी, बायकोशी. म्हणजे आधी बांधिलकी असावी लागते आणि ती मोडणाऱ्याला आपण काय करतोय हे ठाऊक असतं. आत्मवंचनेत ते ठाऊक असेलच असं नाही. म्हणून यालमार एकदालला ‘आत्मवंचना’च शोभते.

कशी, ते पाहा. यालमार फोटोग्राफर आहे, निदान पाटीवर. स्टुडिओ चालवते बायको गीना. हे महाशय एका थोर शोधावर ‘विचार’ करत कोचावर पडलेले असतात. श्रीमंत वेर्लेकडच्या मेजवानीला जाताना त्याने मुलीला, चौदा वर्षांच्या हेडविगला, काहीतरी खाऊ आणायचं कबूल केलेलं असतं. परतल्यावर ती आशेने वाट पाहते. हा विसरलेला. मग खिशातून मेन्यूकार्ड काढून तिच्या हातात देतो: वाच, चव कशी होती ते मी सांगतो. मनातले मांडे आपणही खातो, पण हा गृहस्थ मुलीला कागदावरचे वाढतो! तिचा चेहरा उतरला की पुन्हा कुरकुर: कर्त्या माणसाने काय काय लक्षात ठेवायचं, एवढंसं विसरलं की लगेच तोंडं पाडायची.

आणखी एक प्रसंग. हेडविगची दृष्टी अधू होत चालली आहे. घराच्या माळ्यावर ससे, पक्षी पाळलेत, तिथे जायचा मोह झाला की हा फोटो रीटच करायचा ब्रश तिच्याच हाती देतो आणि वर बजावतो, डोळे बिघडवून घेऊ नकोस, जबाबदारी तुझी, मी घेणार नाही. दुसऱ्याला गंडवायला निघालेला माणूस एवढं बोलत नाही. ही स्वतःच्या मनाची घातलेली समजूत आहे.

गीनाला मात्र हा शब्द लावू नका. लग्नाआधीचं वेर्लेबरोबरचं प्रकरण तिने नवऱ्यापासून लपवलं, पण स्वतःपासून नाही. इतकी वर्षं पश्चात्तापाने जळली नाहीस का, असं तो नाटकी आवेशात विचारतो, तर तिचं म्हणणं एवढंच की घरकामातून फुरसत कुठे होती. तिचा मामला ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ यातला. लपवाछपवी म्हणा. म्हाताऱ्या एकदालचं, म्हणजे यालमारच्या वडिलांचं, तिसरंच. एके काळी अस्वलं मारणारा हा माणूस तुरुंगवासानंतर माळ्यावर सुकलेली नाताळची झाडं उभी करून सशांची शिकार करतो. याला मी वंचना म्हणायला धजावणार नाही. विरंगुळा म्हणेन.

आता ‘लिव्ह्सलॉय्न’. शब्दशः जीवन अधिक खोटं. पण आत्मवंचनेत जो दोषारोप आहे, तो यात नाही. रेलिंग ते औषधासारखं देतो. शेजारच्या मोल्विक नावाच्या दारुड्याला त्याने पटवून ठेवलंय की तू व्यसनी नाहीस, तुझ्यात काहीतरी राक्षसी शक्ती संचारते. त्यावर तो बिचारा जगतो. सामान्य माणसाचं हे खोटं काढून घेतलंत तर त्याचं सुखही जातं, असा रेलिंगचा दावा. सत्याचा झेंडा घेऊन या घरात शिरलेल्या ग्रेगर्सला, वेर्लेच्या मुलाला, तर तो सुनावतो की ‘आदर्श’ हा परका शब्द कशाला, आपला चांगला देशी शब्द आहे की, खोटं! (शब्दचर्चा करणाऱ्यांनी हे पात्र जपून ठेवावं.)

संस्कृत समास करायला गेलं की गंमत होते. जीवन + असत्य = जीवनासत्य. एक काना निसटला की ‘जीवनसत्य’, आणि घाईत ऐकलं तर ‘जीवनसत्त्व’. डॉक्टरच्या तोंडी शेवटचं खपूनही जाईल, पण रंगमंचावर पहिल्याचा बोजवारा उडेल. ‘जगण्याचा भ्रम’ नको, भ्रमात देणारा कोणी नसतो. मी ‘जगवणारं खोटं’ घेईन. ते नटाच्या जिभेवर बसतं आणि त्यातला उपरोधही राहतो.

तेव्हा तुमच्या वाक्यात ‘आत्मवंचना’ राहू द्या. मला खटकतो तो ‘कुटुंब’ हा कर्ता. तिथे ‘यालमार’ लिहा, कारण हेडविग त्या कर्त्यात बसत नाही. माझ्यासाठी ही पोर आयुष्य ओवाळून टाकेल का, असं यालमार ग्रेगर्सपुढे तावातावाने बोलतो, ते त्याच्या इतर वाक्यांसारखंच टाळीचं वाक्य. ग्रेगर्सच्या सांगण्यावरून बापासाठी आपलं लाडकं रानबदक मारायला माळ्यावर पिस्तूल घेऊन गेलेल्या तिला ते ऐकू गेलं का, इब्सेन सांगत नाही. पुढच्याच क्षणी बार ऐकू येतो.